अकरा चढले, दहा उतरले

हाडांच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर मॅडमना आणून ठेवलं, तेव्हा आठ नंबरची बाई पुस्तक फाडत होती.

रागाने नव्हे, अगदी शांतपणे. तिचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता. पुस्तक तिने गुडघ्यांत आवळून धरलं होतं आणि डाव्या हाताने शिवण उसवत शंभरेक पानांचा गठ्ठा फर्रकन वेगळा केला. मग दुसरा. मग तिसरा. लठ्ठ कादंबरी होती. तिचे पाच तुकडे झाले.

कॉलेजच्या जिन्यावर पाय घसरून मॅडमच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. कळा मस्तकात जात होत्या. तरी त्या बोलल्याच.

"अहो! काय करताय काय? पुस्तक आहे ते!"

"माझं आहे," बाई म्हणाली. "रद्दीतनं आणलंय. एका हाताने अख्खं पेलत नाही."

"म्हणून फाडायचं? हाडांच्या दवाखान्यात बसून दुसऱ्याचा कणा मोडायचा?"

बाईने मान वळवून मॅडमना नीट न्याहाळलं. वजन टांगलेला पाय, नाकावरचा चष्मा, उशाशी लेकीने रचून ठेवलेली जाडजूड बाडं. "मास्तरीण दिसताय," ती म्हणाली. "आठ दिवस उताणं पडा इथं. मग कळेल पुस्तक किती जड असतं ते."

झालं. त्या घटकेपासून दोघींचं जे वाजलं, ते वाजलंच.

बाई बसमध्ये कंडक्टर होती. सव्वीस वर्षं नोकरी. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि ही उघड्या दारातून रस्त्यावर आली, असं सगळा वॉर्ड सांगायचा. आठ खाटांच्या त्या वॉर्डात बाकीच्या बायकांचं ती ऐकत नसे; त्या तिचं ऐकत. पंखा किती, दिवा कधी, कुणाच्या भेटीला आलेली माणसं कुठे उभी राहणार, सगळं हीच ठरवायची. मॅडमचे सहकारी भेटायला आले आणि दोन खाटांच्या मधे घोटाळले, तेव्हा ती ओरडली, "मधे उभं राहू नका, पुढे सरका!" आणि इतिहासाचे वयोवृद्ध प्राध्यापक खरोखरच मुकाट्याने पुढे सरकले. मॅडमना ते जिव्हारी लागलं.

खिडकीवरून तर रोज लढाई. खिडकी कंडक्टरबाईच्या बाजूला होती. वाऱ्याने मॅडमचे कागद उडायचे, म्हणून त्यांना ती बंद हवी. हिचा प्लास्टरमधला हात घामाने खाजायचा, म्हणून हिला सताड उघडी. सिस्टरने तोडगा काढला, अर्धी उघडी ठेवायची. त्यामुळे कागदही उडत राहिले आणि हातही खाजत राहिला, आणि दोघी सिस्टरवरही चिडल्या.

मॅडमची गोष्ट अशी, की त्या कॉलेजात साहित्य शिकवायच्या, विभागप्रमुख होत्या. पोरं पाठीमागे त्यांना 'कात्री' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोला, आवडायचंही. एखाद्या पोरीने उत्तरपत्रिकेत 'मला ही कादंबरी फार आवडली' असं लिहिलं, की त्याखाली लाल रेघ यायची आणि समासात शेरा पडायचा: 'आवडणे हा निकष नव्हे.' गेल्या वीस-बावीस वर्षांत हातात लाल पेन असल्याशिवाय त्यांनी एकही कादंबरी उघडली नव्हती. अत्तराच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाला वास येईनासा होतो म्हणतात, तसं त्यांचं झालं होतं. आणि आपल्याला वास येत नाही, हेही त्या विसरल्या होत्या.

दवाखान्यात त्यांनी एक प्रबंध तपासायला आणवला होता. चारशे बारा पानं. दिवसाला वीस पानं ओढत ओढत होत होती. वाचताना जांभई आली की त्या ती दाबत, कारण शेजारची बघत असे.

शेजारची मात्र वाचायची. वाचताना हसायची, 'अगं बाई!' म्हणायची, एकदा तर "मेला!" म्हणून गादीवर थाप मारून दुखऱ्या खांद्याने विव्हळली. मॅडमनी एकदा मोठ्याने, कुणाला म्हणून नव्हे असं म्हटलं, "कचरा आहे. असल्या पुस्तकांनीच लोकांच्या डोक्यांत भुसा भरलाय."

"भुशाला आग तरी लागते," आठ नंबरवरून उत्तर आलं. "तुमचं ते बाड पेटवलं तर विझेल."

वॉर्ड खदखदून हसला. पाचव्या खाटेवरच्या म्हातारीला हसल्यामुळे ठसका लागला आणि सिस्टर धावत आली.

वाचून झालेला गठ्ठा कंडक्टरबाई साफसफाईच्या मावशींकडे देऊन टाकायची. मॅडमच्या खाटेजवळचं लोखंडी कपाट डुगडुगत होतं, त्यावरचा पाण्याचा पेला दोनदा सांडला होता. चौथ्या दिवशी सकाळी मावशींनी कादंबरीचा पहिला गठ्ठा दुमडून त्याच्या पायाखाली सारला. कपाट स्थिर झालं. मॅडम अस्वस्थ झाल्या. फाडलेलं असो, कचरा असो, छापील कागद पायाखाली? त्यांनी मावशींना तो काढून द्यायला लावला आणि त्याजागी प्रबंधाचं परिशिष्ट घालायला सांगितलं.

गठ्ठा हातात आला. त्यांनी सवयीने पेनाचं टोपण काढलं.

पहिल्याच पानावर तीन चुका सापडल्या. दुसऱ्यावर एक बटबटीत उपमा. बरं वाटलं. गोष्ट एका नदीवरच्या नावेची होती. नाव चालवणारी बाई विधवा. नवरा पुरात गेलेला, प्रेत न सापडलेलं, आणि दिराचा नावेवर डोळा. एका संध्याकाळी नावेत अकरा माणसं चढली. पलीकडच्या काठावरच्या चौकीदाराने मोजली, तर उतरली दहा. नाव कुठे थांबली नव्हती, कुणी ओरडलं नव्हतं, पाणी हललं नव्हतं.

मॅडमनी पान उलटलं. मग आणखी एक.

जेवणाचं ताट आलं, निवलं, परत गेलं. लेक भेटीच्या वेळेला आली, तिच्याशी त्या 'हं, हं' म्हणून बोलल्या. ती काय म्हणाली ते त्यांना नंतर आठवेना. नाववाल्या बाईची झडती झाली, दोर कापलेला सापडला, दीर चौकीत जाऊन काहीतरी कुजबुजून आला, चौकीदार नाववाल्या बाईच्या झोपडीत शिरला, त्याने फडताळ उघडलं, आणि फडताळात...

गठ्ठा संपला.

मॅडमनी वर पाहिलं. चार वाजून गेले होते. पेन चादरीत उलटं पडलं होतं आणि चादरीवर रक्तासारखा मोठा लाल डाग पसरला होता. सिस्टर घाबरून धावली, जखम शोधू लागली. आठ नंबरची मात्र उशीला टेकून शांतपणे बघत होती. तिच्या पोटावर दुसरा गठ्ठा होता, नुकताच वाचून संपवलेला.

"फडताळात काय होतं?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं.

"कचरा," कंडक्टरबाई म्हणाली.

पुढचे दीड दिवस मॅडम ताठ राहिल्या. प्रबंध उघडला, डोळे ओळींवरून जात होते आणि मन फडताळापाशी. दुसऱ्या दिवशी कंडक्टरबाईला एक्स-रेला नेलं, तेव्हा त्यांनी मावशींना खुणेने बोलावलं. "तिच्या उशीखालचा तो गठ्ठा... नुसता बघायला."

"चोरी करू होय मी?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या ना?" आणि कंडक्टरबाईची चाकाची खुर्ची परत आल्या आल्या त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं.

"बघा गं बायांनो!" कंडक्टरबाईने आवाज लावला. गर्दीच्या बसमध्ये मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पोचणारा तो आवाज. "विनातिकीट प्रवासी सापडला!"

मॅडमचे कान तापले. "किती फाजीलपणा करायचा तो करा. ते द्या इकडे."

"एक अट आहे. म्हणा, पुस्तक चांगलं आहे."

"भाषा सुमार आहे. रचना विस्कळीत आहे. त्या चौकीदाराचं पात्र तर..."

"बरं," म्हणून तिने गठ्ठा मांडीखाली घातला आणि डोळे मिटले.

संध्याकाळच्या चहापर्यंत मॅडम झुंजल्या. मग भिंतीकडे बघत पुटपुटल्या, "बरं आहे पुस्तक."

"मागच्या दाराला ऐकू आलं नाही."

"चांगलं आहे!" मॅडम किंचाळल्या. "पुस्तक चांगलं आहे! झालं समाधान?"

बाकीच्या सहा खाटांवर टाळ्या पडल्या. गठ्ठा आला. मॅडमनी तो असा ओढून घेतला की वरचं पान फाटलं, आणि फडताळात एक ओली पुरुषी चप्पल होती हे वाचताना त्यांच्या अंगावर जो काटा आला, तसा तो शेवटचा कधी आला होता हे त्यांना आठवलं. दहा-अकरा वर्षांच्या होत्या. आई हाका मारत होती आणि त्या मुद्दाम ओ देत नव्हत्या, कारण गोष्टीतल्या माणसाने नुकतीच विहिरीत दोरी सोडली होती. ती मुलगी आपणच होतो यावर त्यांचा क्षणभर विश्वास बसेना. आणि लगेच भयंकर राग आला. कुणावर, ते कळेना. समोर कंडक्टरबाई होती, म्हणून तिच्यावर.

त्यानंतर छळाचा नवाच प्रकार सुरू झाला. मॅडम वाचायला झपाट्याच्या. दुसरा गठ्ठा दीड दिवसात संपला. तिसरा मिळाला, तोही संपला. चौथा कंडक्टरबाईच्या हातात होता आणि ती एकेक पान चघळत बसायची. मधेच पुस्तक छातीवर ठेवून छताकडे बघायची. मधेच शेजारणीशी लेकीच्या सासूबद्दल बोलायची.

"अहो, पान उलटा!" मॅडम ओरडायच्या.

"सिग्नल लागलाय."

कसाबसा चौथा गठ्ठा हाती आला. पाचवा, शेवटचा, तिच्याकडे होता. आता सगळा वॉर्डच त्या अकराव्या माणसात गुंतला होता. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे चढलाच नव्हता. कंडक्टरबाईचं म्हणणं पक्कं होतं. "चढला. चढताना मोजणारी नाववाली आहे, तिला रोजची सवय आहे. रोज माणसं मोजणाऱ्याचा आकडा चुकत नाही. तो मधे उतरला."

"मधे नदी आहे," मॅडम म्हणाल्या. "लेखकाने पाण्याची प्रतिमा सुरुवातीपासून कशी वापरली आहे, ते लक्षात घ्या. अकरावा माणूस म्हणजे त्या बाईच्या मनातली अपराधाची भावना आहे. तो माणूसच नाही."

"मग चप्पल कुणाची? भावनेची?"

बायका हसल्या. कंडक्टरबाई हसली नाही. "तुम्हाला पुस्तकातलं सगळं कळतं हो," ती म्हणाली. "फक्त पुढे काय होणार तेवढं कळत नाही."

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मॅडमची जीभ सुटली. "तिकिटं फाडण्यात जन्म गेला तुमचा! तुम्हाला कादंबरीत काय कळणार? अडाण्यासारखी पानं फाडायची आणि 'मेला, मेला' करत बसायचं. मी तीस वर्षं शिकवतेय हे!"

अर्ध्या खिडकीतून बाहेरच्या गाड्यांचे भोंगे ऐकू यायला लागले. कंडक्टरबाईने पाचवा गठ्ठा उचलला आणि कुशीवर वळता येत नव्हतं म्हणून नुसतं तोंड फिरवून वाचायला लागली. त्या दिवशी ती दोघींतिघींशी बोलली, मॅडमशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी सोडणार होते. बहीण आली, पिशव्या भरल्या. मॅडम वाट बघत होत्या. गठ्ठा आपल्या कपाटावर ठेवून जाईल, निदान फेकून जाईल. तिने तो पिशवीत कोंबला.

"अहो... ते शेवटचं..."

"हे होय? हे धाकट्या लेकीला नेतेय. तिला काय, अडाणीच आहे, शेवटापासून वाचते." मग ती मॅडमच्या खाटेशी आली, वाकली, आणि चेहरा अगदी मवाळ करून म्हणाली, "तुम्ही झुरत बसाल म्हणून सांगून जाते. दिराने ढकलला त्याला. नाववालीने आळ स्वतःवर घेतला. तिला फाशी होते. संपलं."

आणि ती गेली. जाताना दारात गर्दी होती, तिथून तिचा आवाज आला, "सरका, सरका."

मॅडमनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, विभागप्रमुख, एका नाववालीसाठी रडली. सिस्टरने विचारलं तेव्हा पाय दुखतोय म्हणाल्या.

घरी आल्यावर वॉकर धरून चालणं सुरू झालं, पण तो शेवट घशात अडकल्यासारखा बसला होता. दिराने ढकलला? दीर तर त्या संध्याकाळी चौकीत होता, चौथ्या गठ्ठ्यात स्वच्छ लिहिलं होतं. दोर नावेच्या बाजूने कापलेला होता. ढकलणाऱ्याला दोर कापायचं कारण काय? मॅडम अंघोळ करताना, गोळ्या घेताना, विद्यापीठाच्या पत्राला उत्तर लिहिताना तेच घोळवत होत्या. शेवटी त्यांनी लेकीला पुस्तकाचं नाव लिहून दिलं.

लेकीने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "आई, हे? हे तू वाचणार? मी शाळेत असताना असलंच एक आणलं होतं, तर तू ते परत करायला लावलं होतंस. सगळ्यांसमोर."

"लावलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तू आणतेस की मी वॉकर घेऊन जाऊ?"

लेकीने चार वाचनालयं पालथी घालून पुस्तक आणलं. टेबलावर ठेवलं म्हणण्यापेक्षा आपटलंच.

शेवटची ऐंशी पानं वाचून भागलं असतं. मॅडमनी पहिल्या पानापासून वाचलं. तीन दिवस लागले. जेवताना पुस्तक ताटाला टेकवलेलं, त्यावर डाग पडले. लेक बघत होती आणि ओठ आवळत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीतून असा आवाज आला की ती हातातलं टाकून धावली. मॅडम पुस्तकाने पलंग बडवत होत्या.

"खोटारडी! अगं, खोटारडी बाई!"

कुणीही मेलं नव्हतं. फाशी नव्हती, काही नव्हतं. अकरावा माणूस नाववालीचा नवराच होता. पुरात तो वाचला होता, भावाच्या भीतीने लपला होता. तिने त्याला त्या संध्याकाळी काळोखात, नाव न थांबवता, दोराला धरून नदीमधल्या वाळूच्या बेटावर गुपचूप उतरू दिलं होतं, मग दोर कापला होता, आणि शेवटच्या पानावर ती त्याला आणायला रिकामी नाव घेऊन निघाली होती. मधे उतरला. कंडक्टरबाई म्हणाली होती तेच. हे सगळं वाचून, माहीत असून, त्या बाईने खाटेशी वाकून फाशीची थाप मारली होती.

मॅडम हसत होत्या की संतापल्या होत्या, ते लेकीला कळेना. मॅडमनाही धड कळत नव्हतं.

काठी घेऊन चालता यायला लागलं, त्या आठवड्यात त्यांनी टॅक्सी केली आणि वॉर्डात ज्याचं नाव ऐकलं होतं तो बस डेपो गाठला. कंडक्टरबाईचा हात अजून वर होत नव्हता, म्हणून तिला पासाच्या खिडकीवर बसवलं होतं. मॅडम रांगेत उभ्या राहिल्या. पाऊण तास. नंबर आला.

"सात नंबर," कंडक्टरबाई मान वर न करता म्हणाली; रांगेतच तिने हेरलं होतं. "फोटो आणलाय का पासाला?"

"तुम्ही खोटं बोललात!"

तिने आता वर पाहिलं. "म्हणजे वाचलंत!"

"मी ते वाचावं म्हणून केलंत तुम्ही हे?" मॅडमनी विचारलं. वाटेत टॅक्सीत त्यांच्या मनात हे आलं होतं, आणि खरं असलं तर किती चांगलं, असंही आलं होतं.

"छट्! तुमची जिरवायची होती. म्हटलं, ही बया जन्मभर वर्गात चुकीचा शेवट सांगत फिरेल."

"असली पुस्तकं मी वर्गात शिकवत नाही."

"हात्तिच्या," ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखर पडला.

मागून रांगेतला एकजण ओरडला, "बाई, गप्पा घरी मारा!"

मॅडमनी काठी घट्ट धरली. "ते... तिकिटं फाडण्याचं मी बोलले. ते चुकलं माझं."

"ते ठेवा तुमच्यापाशी. इथं पास मिळतात." तिने शिक्का उचलला. पण खिडकीच्या आत, गल्ल्याशेजारी, एक जाड पुस्तक पालथं पडलं होतं. अख्खं होतं, फाडलेलं नव्हतं. मॅडमची नजर तिकडे गेली. कंडक्टरबाईने पटकन त्यावर कोपर ठेवलं, खांदा दुखला, तोंड वेडंवाकडं झालं, पण कोपर काढलं नाही.

"काय वाचताय?"

"तुम्हाला काय करायचंय? पुढचा!"

मॅडम बाजूला झाल्या. कोपर आडवं असलं तरी कण्यावरचं निम्मं नाव दिसलं होतं, आणि निम्मं पुरेसं होतं. डेपोपासून वाचनालय दोन चौक लांब. अस्थितज्ज्ञाने एका वेळी शंभर पावलं सांगितली होती. त्या हजार चालल्या. वाटेत दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा मनात हिशेब मांडत, की तिला दिवसभर रांग आहे, आपल्याला नाही. ती पोचायच्या आधी आपण शेवटाला पोचणार. आणि मग एक दिवस पास काढायला जाणार.

वाचनालयात एकच प्रत होती. साडेसहाशे पानं. ग्रंथपाल त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. बिचारा उभाच राहिला. "मॅडम, यावर काही लिहिताय का?"

"नाही."

"मग... व्याख्यान?"

"बाजूला हो. उजेड अडतोय."

त्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या, पाय समोरच्या खुर्चीवर टाकला. दीडेक तासाने लेकीचा फोन आला.

"आई, आहेस कुठे? डॉक्टर वाट बघतायत!"

"उद्या येते म्हणून सांग."

"उद्या ते नसतात!"

"मग परवा. हे बघ, आता फोन ठेव. ती मोठी बहीण दार उघडायला निघालीय, आणि तिला कुणीतरी अडवायला पाहिजे."

"कुठली बहीण? आई? आई!"

मॅडमनी फोन पिशवीत टाकला आणि पान उलटलं.